नाशिकच्या पाटांवरून आणि रानातून ग्रॅव्हल सायकलिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सायकल घेऊन डांबर सोडायचं ठरवलं की लोक जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. प्रश्न जसे येतात तसेच ठेवलेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगायची वेळ आली तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ग्रॅव्हल सायकलिंग म्हणजे एमटीबीच ना? आणि नाशिकला त्याचं एवढं काय?

एमटीबी म्हणजे माउंटन बाइक, ती दगडधोंड्यांच्या उतारासाठी असते. ग्रॅव्हल सायकल दिसायला रोडबाइकसारखी, खाली वळलेल्या हँडलची, पण टायर जाड आणि गिअर हलके. डांबरावर ती कंटाळवाणी होत नाही आणि मुरमावर घाबरवत नाही.

नाशिकचं सायकलिंगमधलं नाव लांब पल्ल्याच्या डांबरी रस्त्यांमुळे झालं. २०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या इथल्या भावांनी दोघांचा संघ म्हणून ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून तर गल्लोगल्ली हेल्मेटं दिसू लागली. पण जिल्ह्याची ठेवण पाहिली तर कच्च्या रस्त्यांसाठी याहून सोयीची जागा शोधावी लागेल. पश्चिमेला त्र्यंबक, हरसूल, पेठ, सुरगाणा इथलं साग-ऐन-मोहाचं रान. पूर्वेला दिंडोरी, निफाड, येवला इथे धरणांचं पाणी नेणारे कालवे. यातल्या जवळच्या भागांत घरातून निघून दुपारच्या जेवणापर्यंत परत येता येतं.

२. माझ्याकडे साधी हायब्रिड आहे. नवी सायकल घ्यावीच लागेल का?

नाही. फोर्क आणि मागच्या त्रिकोणात ३८-४० मिलिमीटरचं टायर बसतंय का, एवढं दुकानात तपासून घ्या. बसत असेल तर टायर बदला आणि निघा. एमटीबीही चालेल, फक्त कालव्यावरच्या लांब सपाट पट्ट्यात ती जड वाटेल. बारीक टायरची रोडबाइक मात्र आणू नका. पहिल्या चारीशीच (कालव्यातून शेतात पाणी नेणारा छोटा पाट) तुम्ही सायकल खांद्यावर घ्याल.

गिअरबद्दल एकच सांगणं: पुढची लहान चकती आणि मागची सर्वांत मोठी चकती यांचे दात निदान सारखे तरी असावेत. वाघेऱ्याच्या घाटात याचा अर्थ आपोआप कळतो.

३. पहिल्यांदाच जातोय. सोपा मार्ग सांगा.

गंगापूर धरणाचा डावा कालवा. धरणाकडून निघून मखमलाबादच्या बाजूने आडगावकडे जाणारा हा पाट शहराच्या उत्तर कडेने जातो. त्यामुळे दमलात तर कुठेही डांबरावर उतरून घरी येता येतं. शहराजवळचा भाग आता बराच वस्तीत शिरलाय. कचरा आणि गाड्या दोन्ही लागतात. मखमलाबादच्या पुढे बागा सुरू झाल्या की मजा येते.

रान बघायचं असेल तर गिरणाऱ्याला जा, तिथून धोंडेगावच्या बाजूने कश्यपी धरणाकडे. डांबर आणि कच्चं निम्मं निम्मं, चढ माफक, आणि गिरणाऱ्यात चहा मिळतोच. टोमॅटोच्या हंगामात गिरणाऱ्याच्या बाजाराशी पिकअप गाड्यांची गर्दी असते, तेव्हा तिथून जरा जपून.

४. कालव्याचा रस्ता म्हणजे सपाटच ना? मग त्यात अवघड काय?

सपाट, हे खरं. पाणी आपल्या आपण वाहावं म्हणून कालवा डोंगराच्या कुशीने एकाच उंचीवरून नेतात. किलोमीटरला उतार अगदी नगण्य. म्हणूनच तो वळणं घेतो. नकाशावर दोन गावांमध्ये सरळ रेषेत दहा किलोमीटर दिसत असतील तर पाटावरून त्याहून बरंच जास्त धरा.

अवघड आहे ते ओढ्यांपाशी. कालव्याला आडवा ओढा आला की एक तर कालवा जलसेतूवरून ओढ्याच्या वर जातो, नाही तर सायफनमधून त्याच्या खालून. पाणी पार होतं, रस्ता होईलच असं नाही. तिथे भरावावरून खाली उतरायचं, सायकल ओढ्यातून उचलून न्यायची, पुन्हा वर चढायचं. एका पट्ट्यात असे किती ओढे आहेत ते उपग्रह-चित्रावर आधी मोजून ठेवा. वेळेचा अंदाज त्यावरूनच येतो, किलोमीटरवरून नाही.

दुसरं म्हणजे बाजू निवडणं. देखभालीचा रस्ता बहुधा उताराकडच्या भरावावर असतो, कारण खोदलेली माती तिकडेच टाकून तो केलेला असतो. डोंगराकडची बाजू सुरुवातीला रुंद दिसते आणि पुढे बाभळीत संपते. सुरुवातीलाच चुकीच्या काठाला लागलात तर पुढचा पूल येईपर्यंत काठ बदलता येत नाही.

तिसरं, पाण्यापासून अंतर. अस्तर केलेल्या कालव्याच्या तिरप्या भिंतींवर शेवाळ असतं. पडलेला माणूस, पोहणारा असला तरी, हाताने धरून वर येऊ शकत नाही. पाणी वाहतं असताना काठावर बसून पाय धुणं, बाटली भरणं, फोटोसाठी कडेला उभं राहणं सरळ टाळा. गटात एकाकडे तरी दहा-पंधरा मीटर दोर असावा.

५. कालव्याच्या कडेने सायकल चालवायला परवानगी लागते का?

ती जमीन जलसंपदा विभागाची आणि तो रस्ता देखभालीसाठी केलेला. शेतकरी, दूधवाले, शाळेची पोरं रोज तिथून जातात, पण म्हणून तो सार्वजनिक हमरस्ता होत नाही. एकट्यादुकट्या सायकलवाल्याला कोणी सहसा अडवत नाही. फाटकाला साखळी असेल, काम सुरू असेल किंवा पाटकऱ्याने, म्हणजे कालव्यावर देखरेख करणाऱ्या माणसाने, नको म्हटलं, तर वाद न घालता वळायचं. पंचवीस-तीस जणांची राइड काढायची असेल तर त्या कालव्याच्या शाखा कार्यालयात अर्ज द्या.

वाघाडसारख्या प्रकल्पांवर तर पाण्याचं वाटपच शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे आहे. कालव्याच्या शेवटाला असलेल्या ओझर-मोहाडीकडच्या शेतकऱ्यांनी नव्वदच्या दशकात संस्था काढून ते सुरू केलं आणि पुढे सगळा प्रकल्प त्याच वाटेने गेला. तिथे संस्थेच्या माणसाला एक फोन केलेला बरा. शिवाय वाटेत पाणी आहे की नाही, तेही लगे हात कळतं.

६. पाणी कधी सुटतं, हे कसं कळणार?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि विचारायलाच हवा असा.

कालवे बारमाही वाहत नाहीत. आवर्तन, म्हणजे धरणातून कालव्यात पाणी सोडण्याची पाळी, सुटतं, काही आठवडे चालतं, मग कालवा कोरडा. १५ ऑक्टोबरला धरणात किती साठा आहे ते पाहून रब्बी आणि उन्हाळी आवर्तनं ठरतात आणि कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ती जाहीर होतात. खात्याच्या हिशेबात रब्बी म्हणजे १५ ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर, उन्हाळी म्हणजे १ मार्च ते ३० जून. स्थानिक वर्तमानपत्रात ‘आवर्तन’ हा शब्द दिसला की तारीख टिपून ठेवा.

सायकलवाल्याला याचं काय? आवर्तन सुटलं की पाटावर वर्दळ वाढते. पाटकरी मोटारसायकलवर फिरत असतात, गेटं उघडली-मिटली जातात, चाऱ्या फुटून वाटेवर पाणी येतं आणि काळ्या मातीचा चिखल होतो. रात्री-अपरात्री पाण्याची पाळी धरलेला शेतकरी सकाळी सहाला डोळे चोळत गेटाशी बसलेला असतो. त्याच्या पाइपवरून सायकल नेऊ नका, उचलून पलीकडे ठेवा. आवर्तन बंद होऊन आठवडा-दोन आठवडे झाले की वाट सुकते, कडक होते. चालवायला तोच काळ उत्तम.

एक अपवाद लक्षात ठेवा. पावसाळ्यानंतर जायकवाडीत साठा कमी असेल तर वरच्या धरणांतून तिकडे पाणी सोडतात. ते नदीतून जातं, कालव्यातून नाही. त्या दिवसांत पाट कोरडा ठणठणीत असू शकतो आणि गोदावरी-दारणेवरचे फरशी पूल, म्हणजे नदीपात्राला लागून असलेले बुटके पूल, मात्र पाण्याखाली. परतीचा रस्ता फरशी पुलावरून आखला असेल तर बातम्या बघूनच निघा.

खात्रीचा उपाय जुनाच: आदल्या दिवशी त्या गावातल्या कोणाला तरी विचारा, “दादा, पाटाला पाणी आहे का?”

७. निफाड-नांदूरमध्यमेश्वरकडचे कालवे कसे आहेत? अभयारण्यात सायकल नेता येते का?

नांदूरमध्यमेश्वर इथे गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळातला बंधारा आहे. तिथून गोदावरीचे डावा आणि उजवा असे दोन कालवे निघून कोपरगाव-राहात्याकडे जातात. वैजापूर-गंगापूरकडे जाणारा जलद कालवा नंतरचा. जुन्या कालव्यांच्या कडेला मोठी झाडं आहेत, सावली आहे, आणि उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्याही. चाकोरीतून बाहेर यायला वेग नव्हे, संयम लागतो.

अभयारण्य १९८६ पासूनचं, आणि महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्रही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) हेच. चापडगाव आणि खाणगाव थडीच्या बाजूने तिकीट काढून आत जातात. सायकल फाटकाशीच कुलूप लावून ठेवा आणि मनोऱ्यांपर्यंत पायी जा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पक्षी भरपूर असतात. फ्रीव्हीलचा कर्रकर्र आवाज त्यांना मुळीच आवडत नाही.

८. रानातले मार्ग कोणते?

मला विचाराल तर गिरणारे, वाघेरा घाट, हरसूल, आंबोली घाट, त्र्यंबक आणि परत. पूर्ण फेरी शंभर किलोमीटरच्या पुढे जाते, म्हणजे पहाटे निघून दिवसभराचं काम. मुख्य रस्ता डांबरी आहे. गंमत आहे ती त्याला फुटणाऱ्या, पाड्यांना जोडणाऱ्या मुरमाच्या वाटांत. या वाटा भाताच्या खाचरांमधून निघतात, सागाच्या रानात शिरतात आणि एखाद्या पाड्याच्या हातपंपाशी संपतात. बऱ्याच वाटा पुढे कुठेच जात नाहीत. ते गृहीत धरूनच निघायचं.

हरसूलजवळ खोरीपाड्याला वनखात्याचं गिधाडांचं उपाहारगृह, म्हणजे त्यांच्यासाठी मेलेली जनावरं ठेवण्याची जागा, आहे. बघायचं तर लांबून आणि गुपचूप. गटागटाने, गाणी लावून जाण्याची ती जागा नाही.

पेठ-सुरगाणा जास्त एकाकी आणि जास्त चढाचं. तिथे पहिल्या खेपेला कोणी माहितगार सोबत असावा. त्र्यंबक-पहिने-घोटी हा पट्टा सुंदर आहे, पण पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी पहिन्याला धबधब्याची जत्रा असते. तेव्हा जाऊ नका, आठवड्यात एखादी रजा टाका. शिवाय २०२७च्या सिंहस्थाच्या कामांमुळे त्र्यंबकच्या आसपासचे रस्ते बदलत आहेत. गेल्या वर्षीच्या जीपीएस ट्रॅकवर विसंबू नका.

९. जंगलात शिरायला वनखात्याची परवानगी हवी का?

गावांना जोडणाऱ्या रस्त्यावरून जायला परवानगी लागत नाही. तो रस्ता सोडून राखीव वनात घुसणं मात्र भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे, सायकल असो वा पायी. संवर्धन राखीव क्षेत्रांत तर विचारूनच जा. अंजनेरी हे त्यातलं एक. ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ नावाची चिमुकली वनस्पती तिथल्या पठाराच्या नावाने ओळखली जाते. पठारावर टायर नेऊच नयेत, मग कोणी अडवो न अडवो. रामशेजजवळच्या बोरगडचं रानही संवर्धन राखीव आहे, आणि त्याच्या माथ्यावर हवाई दलाचं ठाणं. तिकडचा रस्ता आपल्यासाठी नाही.

फेब्रुवारी ते मे वणव्यांचा काळ. मोहाची फुलं वेचायला खालचा पाला जाळतात, भाताच्या रोपांसाठी शेतात पालापाचोळा जाळून राब भाजतात, आणि आग कधी कधी हाताबाहेर जाते. धूर दिसला तर पुढे न जाता वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

१०. नकाशात रस्ता स्पष्ट दिसतो, तरी गावकरी जाऊ नका म्हणतात. ऐकावं का?

ऐकावंच. देवळालीच्या पश्चिमेला तोफखान्याचं गोळीबार क्षेत्र आहे. बहुला किल्ला त्यातच येतो. उपग्रह-चित्रावर तिथल्या वाटा अशा मोहक दिसतात की कोणालाही जावंसं वाटेल. गोळीबार नसलेल्या दिवशीही तिथे न फुटलेला दारूगोळा पडलेला असू शकतो. आंबेबहुल्याच्या बाजूला मार्ग आखताना हा सगळा पट्टा सरळ वगळा.

बाकी ठिकाणी ‘जाऊ नका’चा अर्थ बहुतेकदा पूल वाहून गेलाय, बांधावर तार टाकलीय किंवा मळ्यातली कुत्री सोडलीत, एवढाच असतो. त्यातलं कुठलं ते विचारलं की सांगतात.

११. पावसाळ्यात जाऊ का?

पश्चिमेला जा, पूर्वेला नको. ऐकायला उलटं वाटतं. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, नाशिक शहरात त्याच्या चौथाईच्या आसपास. तरी पश्चिमेच्या मुरमाड वाटांवरून पाणी निथळून जातं. निफाड-दिंडोरीच्या काळ्या मातीत मात्र एका सरीनंतर चाक फिरत नाही. माती टायरला थर देत जाते, फोर्कमध्ये अडकते, आणि सायकलचं वजन दुप्पट होतं. काडीने उकरत बसण्यात सकाळ जाते.

पश्चिमेलाही नियम एकच: फरशी पुलावर पाणी असेल तर थांबायचं. घोट्याएवढं वाहतं पाणीसुद्धा सायकल ओढून नेतं.

१२. टायरमध्ये हवा किती? आणि पंक्चर फार होतात, काय करू?

सत्तर किलोच्या आसपास वजनाला, ४० मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरमध्ये ३० ते ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरते. मागच्या चाकात दोन-तीन जास्त. ट्यूब असेल तर पाचने वाढवा, नाही तर दगडावर ट्यूब रिमखाली चिमटते.

पंक्चर करतात ते सराटे आणि बाभळीचे काटे. पाटाच्या काठावर दोन्हींची कमी नाही, वेडी बाभूळ तर सगळीकडे. ट्यूबलेस आणि भरपूर सीलंट (टायरमधलं भोक आतून बुजवणारा द्रव) हाच उपाय. आपल्या उन्हात सीलंट लवकर सुकतं, तेव्हा उन्हाळ्यात महिन्या-दीड महिन्याने तपासा. सराटा दिसला म्हणून लगेच उपटू नका. आधी चाक फिरवून तो भाग खाली आणा, मग काढा.

१३. द्राक्षबागांतून जाताना औषधाचा वास येतो. धोका आहे का?

आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर बागांवर फवारण्यांचं सत्र सुरू होतं आणि ढगाळ हवा असली की ट्रॅक्टरचा ब्लोअर पहाटेपासून फिरतो. तुम्ही दमलेले, तोंडाने श्वास घेत असता. फवारणीचा ढग पाटावर येताना दिसला तर वाऱ्याच्या वरच्या बाजूला थांबा, ट्रॅक्टर वळून लांब गेला की पुढे निघा. बाटलीचं तोंड झाकलेलं हवं. खुडून आणलेले घड वाटेत न धुता खाऊ नका, मालकाने प्रेमाने दिले असले तरी. आणि न विचारता तर तोडूच नका. एका माणसाच्या घडामुळे पुढच्या सगळ्यांची वाट बंद होते.

१४. बिबट्या भेटला तर?

उसाच्या पट्ट्यात, विशेषतः निफाड-दिंडोरी-सिन्नरकडे, बिबटे आहेत. पण दिवसा सायकलवाल्याला ते दिसणं दुर्मीळच. खबरदारी वेळेची: उजाडल्यावर निघा, दिवस मावळायच्या आत डांबरावर या. उसाच्या फडालगत वाकून पंक्चर काढत बसू नका, उघड्यावर या. दिसलाच तर पळू नका, पाठ फिरवू नका. सायकल मध्ये धरून, मोठ्याने बोलत मागे सरका. पौर्णिमेच्या रात्रीच्या राइडबद्दल बरेच जण विचारतात. पाटावर ती नकोच. बिबट्या हे त्याचं निम्मंच कारण, उरलेलं प्रश्न ४ मधलं पाणी.

१५. आणि मळ्यातली कुत्री?

बिबट्यापेक्षा हीच रोज भेटतात. पेडल मारून पळालात तर मागे लागणारच. उतरा, सायकल मध्ये ठेवा, चालत पुढे जा, आणि घराकडे बघून “ओ मावशी!” अशी हाक द्या. घरातून कोणीतरी नाव घेऊन ओरडलं की कुत्रं शेपूट हलवत परततं. चावलंच तर जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुऊन त्याच दिवशी लस.

१६. आम्ही दोघी मैत्रिणी आहोत. एकट्यादुकट्या बायकांना हे मार्ग सुरक्षित आहेत का?

द्राक्षपट्ट्यात सकाळी वाटा ओस नसतात. पेठ-सुरगाण्याहून बागांच्या कामाला आलेल्या बाया उजाडताच निघालेल्या असतात, आणि त्यांच्याशी दोन शब्द बोललात तर पुढची वाट कशी आहे ते नकाशापेक्षा नेमकं कळतं. शहरालगतचे पट्टे, जिथे दारूच्या बाटल्या पडलेल्या दिसतात, ते मात्र संध्याकाळी टाळा. हे पुरुषांनाही लागू. मार्ग आणि परतायची वेळ घरी सांगून ठेवा. अडचणीत ११२, अपघातात १०८. हरसूल-पेठच्या खोऱ्यांत रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या.

१७. खाण्यापिण्याचं काय?

पाटाच्या पट्ट्यात दर काही किलोमीटरवर फाटा येतो आणि फाट्यावर चहा-वडापाव असतोच. रानात तसं नाही. गिरणारे सोडलं की हरसूलपर्यंत पोटाचं आपलं आपण बघायचं. दोन बाटल्या पाणी, चिक्की, केळी. एखाद्या पाड्यावर नागलीची भाकरी कोणी पुढे केलीच तर नाही म्हणू नका, पण पैसे कसे द्यायचे याचा अवघडलेपणा टाळायला पोरांसाठी खाऊ सोबत ठेवा. पाटाचं पाणी पिऊ नका, कितीही स्वच्छ दिसलं तरी.

१८. पूर्वी ज्या चारीच्या कडेने गेलो होतो, ती आता सापडतच नाही. वाट चुकलो का?

बहुधा नाही. बऱ्याच ठिकाणी उघड्या चाऱ्यांऐवजी जमिनीखालून बंद नळ घालत आहेत. पाणी वाचतं, पण वरची पट्टी लगेच नांगरली जाते किंवा तिथे द्राक्षाचे मांडव उभे राहतात. म्हणजे वाट होती, आता शेत आहे. जुना ट्रॅक शेतातून जाताना दिसला तर बांधावरून रेटू नका. मुख्य कालव्यावर परत या आणि पुढच्या पुलावरून गावरस्ता धरा. बाहेर पडायच्या वाटा आधीच पाहून ठेवायच्या त्या याचसाठी. प्रश्न ४ मधल्या ओढ्यांसारख्याच त्याही उपग्रह-चित्रावर शोधा.